अप्रस्तुत व्याधी

फौजदारी न्यायालयात उभ्या केलेल्या मनुष्याला आपण अमुक कृत्य केले की नाही एवढे सांगून थांबावे लागत नाही, ते कोणत्या परिस्थितीत आणि कशासाठी केले हेही त्याला बोलता येते, आणि ते ऐकून घेतल्यावाचून इन्साफ पुरा होत नाही, अशी आपली सर्वसाधारण समजूत असते. अमेरिकेत दुर्धर व्याधींनी ग्रासलेल्या माणसांवर गांजाच्या लागवडीबद्दल वा सेवनाबद्दल गेल्या पन्नास वर्षांत जे खटले चालले त्यांचे वृत्तांत वाचू लागले म्हणजे ही समजूत डळमळू लागते. १९९९ च्या नोव्हेंबरात लॉस एंजेलिसच्या संघीय न्यायालयात पीटर मॅकविल्यम्स नावाचा एक लोकप्रिय ग्रंथकार आरोपी म्हणून उभा होता. त्याला एड्स झालेला होता आणि लसिकाग्रंथींचा कर्करोगही. खटल्याची सुनावणी सुरू होण्यापूर्वीच न्यायाधीश जॉर्ज किंग यांनी हुकूम दिला की, ज्यूरीसमोर आरोपीने आपल्या रोगाचा उल्लेख करू नये, गांजाचा औषध म्हणून आपल्याला उपयोग होतो असे म्हणू नये, आणि कॅलिफोर्नियाच्या मतदारांनी तीनच वर्षांपूर्वी कौल देऊन असा उपयोग विहित ठरविला होता हेही सांगू नये. या सर्व गोष्टी खऱ्या होत्या, आणि सरकार पक्षही त्या खोट्या म्हणत नव्हता; त्या केवळ अप्रस्तुत होत्या.

आजारी माणसाला तुरुंगात धाडणे क्रूर आहे असे म्हणणे सोपे आहे आणि ते पुष्कळांनी म्हटलेही आहे. मला या प्रकरणांत अधिक विचार करण्याजोगा वाटतो तो हा मौनाचा हुकूम. शिक्षा कमी करता येते, माफ करता येते, अपिलात रद्द होते. परंतु ज्या कारणामुळे मनुष्य आरोपीच्या पिंजऱ्यात येऊन पोहोचला ते कारणच न्यायालयाच्या दप्तरात दाखल होऊ द्यायचे नाही, ही व्यवस्था कोण्या एका न्यायाधीशाच्या लहरीतून निघालेली नव्हती. ती कायद्याच्या रचनेतून, एका परीने तर्कशुद्धपणे, निघालेली होती.

ती रचना अशी. १९७० साली अमेरिकेच्या काँग्रेसने नियंत्रित द्रव्यांचा कायदा केला आणि मादक द्रव्यांची पाच अनुसूचींत वाटणी केली. पहिल्या अनुसूचीत जे द्रव्य पडते त्याच्याविषयी कायद्यानेच तीन गोष्टी गृहीत धरल्या आहेत: त्याच्या दुरुपयोगाची शक्यता मोठी आहे, देशात त्याचा मान्यताप्राप्त वैद्यकीय उपयोग नाही, आणि वैद्याच्या देखरेखीखालीही ते निर्धोकपणे घेता येत नाही. गांजा या अनुसूचीत हेरॉइनच्या पंक्तीला जाऊन बसला. मॉर्फिन आणि कोकेन मात्र, वैद्यकात त्यांचा उपयोग होतो म्हणून, दुसऱ्या अनुसूचीत राहिले. आता ज्या द्रव्याला वैद्यकीय उपयोग नाही असे खुद्द कायदाच म्हणतो ते मी औषध म्हणून घेतले, असे आरोपीने सांगितले तर न्यायालयाच्या दृष्टीने तो पुरावा देत नसतो, तर कायदेमंडळाशी वाद घालीत असतो, आणि तसा वाद घालण्याची जागा न्यायालय ही नव्हे. अनुसूचीतील ती एक ओळ हे पुढच्या सगळ्या मौनाचे मूळ आहे.

वास्तविक अमेरिकेच्या वैद्यकाला ही वनस्पती अपरिचित नव्हती, आणि तिचा परिचय पाश्चात्त्यांना हिंदुस्थानातून झाला होता. कलकत्त्याच्या वैद्यकीय महाविद्यालयात अध्यापन करणारे आयरिश वैद्य विल्यम ओशॉनेसी यांनी एतद्देशीय वैद्य-हकिमांना विचारून, प्राण्यांवर व नंतर रुग्णांवर प्रयोग करून, धनुर्वात, संधिवात आणि बालकांचे झटके यांवर गांजाच्या अर्काचा काय परिणाम होतो याचा निबंध १८३९ मध्ये प्रसिद्ध केला, आणि तेथून हा अर्क युरोपअमेरिकेच्या औषधालयांत गेला. अमेरिकेच्या अधिकृत औषधिसंहितेत तो १९४२ पर्यंत होता. तेव्हा त्याला वैद्यकीय उपयोगच नाही हे १९७० चे गृहीतक त्याच देशाच्या जुन्या दप्तराशी जुळणारे नव्हते. तथापि १९३७ च्या कर-कायद्याने गांजा व्यवहारातून जवळजवळ हद्दपार झाला होता आणि मधल्या काळात वैद्यांची एक सबंध पिढी त्याच्या परिचयावाचून तयार झाली होती.

या मौनाला पहिला अपवाद वॉशिंग्टन येथे घडला. रॉबर्ट रँडल या तरुण गृहस्थास विशीतच काचबिंदूने गाठले होते आणि थोड्याच वर्षांत तो आंधळा होणार असे वैद्यांनी सांगून ठेवले होते. रात्री दिव्यांभोवती त्याला जी रंगीत वलये दिसत ती गांजा ओढल्यावर नाहीशी होतात हे त्याच्या योगायोगाने ध्यानात आले, आणि त्याने घराच्या सज्जात थोडी रोपे लावली. १९७५ च्या ऑगस्टात पोलिसांनी झडती घेऊन ती जप्त केली. बहुतेक आरोपी अशा प्रसंगी किरकोळ दंड भरून मोकळे होतात. रँडलने मात्र आपली कैफियत सिद्ध करण्याचे ठरविले. लॉस एंजेलिसच्या विद्यापीठात वैद्यकीय देखरेखीखाली त्याची तपासणी झाली, आणि उपलब्ध औषधांनी खाली न येणारा त्याच्या डोळ्यांतील दाब गांजाने उतरतो असे वैद्यांनी शपथेवर सांगितले. त्याच्या वकिलांनी पुढे केलेला उजर विधिशास्त्रात जुनाच होता. आग पसरू नये म्हणून मधले घर पाडणाऱ्यास घर पाडल्याचा गुन्हा लागू नये, हे अपरिहार्यतेचे तत्त्व आपल्या भारतीय दंडसंहितेच्या ८१ व्या कलमातही याच दृष्टान्तासह होते. न्यायाधीश जेम्स वॉशिंग्टन यांनी नोव्हेंबर १९७६ मध्ये निर्णय दिला की, स्वतःची दृष्टी वाचविणे हे हित गांजाबंदीच्या हितापेक्षा या प्रसंगी मोठे आहे. आणि रँडल निर्दोष सुटला.

निर्दोष सुटला खरा, पण त्याची रोपे जप्तच राहिली होती आणि डोळे तर रोज औषध मागत होते. यातून जो मार्ग निघाला तो राज्यकारभाराच्या इतिहासातील एक विनोदच म्हणावा लागेल. संशोधनासाठी म्हणून मिसिसिपी विद्यापीठाच्या शेतात सरकार १९६८ पासून स्वतःच गांजा पिकवीत होते. त्याच सरकारी गांजाच्या विड्या पत्र्याच्या डब्यांतून रँडलला मिळू लागल्या, आणि १९७८ मध्ये त्याने सरकारवर दावा लावल्यावर या पुरवठ्याला एका नियमबद्ध योजनेचे रूप आले. म्हणजे ज्या द्रव्याला वैद्यकीय उपयोग नाही असे सरकारचा एक विभाग न्यायालयात शपथेवर सांगत होता, तेच द्रव्य दुसरा विभाग वैद्याच्या चिठ्ठीवर रोग्याच्या हवाली करीत होता. ही योजना कधीही मूठभर माणसांपलीकडे गेली नाही. एड्सच्या साथीत अर्जांचा ओघ सुरू झाला तेव्हा तिची दारे अधिकच उघडली जातील अशी आशा होती, परंतु १९९२ मध्ये नव्या रोग्यांसाठी ती बंद करण्यात आली. जे अगोदर आत होते त्यांचा पुरवठा तेवढा चालू राहिला. रँडल २००१ मध्ये वारला. तोपर्यंत त्याची दृष्टी शाबूत होती.

अनुसूचीतील ती ओळ बदलावी यासाठीही प्रयत्न झाला होता, आणि त्याची कथा लांबलचक असली तरी थोडक्यात सांगण्यासारखी आहे. १९७२ मध्ये अर्ज दाखल झाला, तो सोळा वर्षे या टेबलावरून त्या टेबलावर फिरला, आणि अखेर १९८८ च्या सप्टेंबरात मादकद्रव्य-नियंत्रण खात्याच्याच प्रशासकीय न्यायाधीशाने, फ्रान्सिस यंग यांनी, भरपूर साक्षी नोंदवून असा अभिप्राय दिला की गांजाला वैद्यकीय उपयोग आहे आणि त्याला पहिल्या अनुसूचीत ठेवणे अविवेकाचे आहे. खात्याच्या प्रमुखांनी पुढच्याच वर्षी तो अभिप्राय फेटाळला, आणि १९९४ मध्ये अपील न्यायालयानेही प्रमुखांचा निर्णय कायम केला.

दरम्यान सॅन फ्रान्सिस्को शहरात एड्सने माणसे पटापट मरत होती. या रोगात अन्नावरची वासना जाते, औषधांनीच मळमळ सुरू होते, आणि घेतलेली गोळी पोटात ठरत नाही. गांजातील मुख्य द्रव्याची कृत्रिम गोळी १९८५ पासून बाजारात होती, परंतु जो मनुष्य गोळी ओकूनच टाकतो त्याला मळमळीवर पुन्हा गोळीच देणे किती उपयोगाचे हे रोगी जाणून होते. मेरी जेन रॅथबन नावाची एक वयस्क बाई गांजा घातलेले चॉकलेटचे केक भाजून सरकारी इस्पितळातील अशा रोग्यांना वाटीत असे. तिला १९८१ ते १९९२ या काळात तीनदा अटक झाली, आणि तिसऱ्या अटकेच्या वर्षी शहराच्या प्रतिनिधिमंडळाने तिच्या नावाने एक दिवस साजरा केला. डेनिस पेरॉन याच्या घरावर १९९० मध्ये छापा पडला तेव्हा सापडलेला गांजा आपला आहे, त्याचा नव्हे, अशी साक्ष त्याच्या एड्सग्रस्त सहचराने न्यायालयात येऊन दिली आणि त्यानंतर लवकरच तो मरण पावला. पेरॉनने पुढे जी चळवळ केली तिची परिणती ५ नोव्हेंबर १९९६ च्या मतदानात झाली. वैद्याच्या शिफारशीवरून गांजा बाळगणारा किंवा लावणारा रोगी व त्याची शुश्रूषा करणारा यांस कॅलिफोर्नियाचा फौजदारी कायदा लागू करू नये, हा ठराव पंचावन्न टक्क्यांहून अधिक मतांनी संमत झाला.

येथे वाचकाच्या मनात गोंधळ होणे साहजिक आहे, कारण आपल्याकडे फौजदारी कायदा मुख्यत्वे केंद्राचा असतो आणि तो राबविणारे पोलीस राज्याचे. अमेरिकेत दोन स्वतंत्र फौजदारी व्यवस्था एकाच भूमीवर नांदतात: राज्याचा कायदा, राज्याचे पोलीस, राज्याची न्यायालये ही एक, आणि संघराज्याचा कायदा, संघीय अंमलदार, संघीय न्यायालये ही दुसरी. राज्याने एखादे कृत्य गुन्ह्यांच्या यादीतून वगळले तरी संघराज्याच्या यादीत ते राहू शकते, आणि मग एकाच घराच्या परसातील तेच रोप कोतवालाच्या दृष्टीने कायदेशीर व केंद्राच्या अंमलदाराच्या दृष्टीने मुद्देमाल ठरते. प्रत्यक्षात गांजाच्या बहुतेक अटका राज्यांचे व गावांचे पोलीस करतात; म्हणून १९९६ च्या ठरावाने रोग्यांना खरोखरच मोठा दिलासा मिळाला. तोही झटक्यात मिळाला नाही. मधुमेहाने जवळजवळ दृष्टी गेलेल्या एका रोग्यास एकतीस रोपांबद्दल राज्याच्याच न्यायालयाने दोषी ठरविले होते, आणि आपल्या निर्दोषत्वाचा संपूर्ण बोजा रोग्यावर टाकता येत नाही, त्याने वाजवी संशय निर्माण केला की पुरे, असे राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने २००२ मध्ये सांगेपर्यंत तो अपिलातच होता. तथापि राज्याच्या न्यायालयात निदान त्याचा रोग बोलता येत होता. संघीय न्यायालयात ती सोय नव्हती.

मॅकविल्यम्सच्या प्रकरणाकडे आता वळतो, आणि त्यात सरकार पक्षाची बाजूही सांगणे प्राप्त आहे. त्याच्या बरोबरचा आरोपी टॉड मॅककॉर्मिक हा बालपणापासून कर्करोगाशी झगडलेला तरुण होता. लॉस एंजेलिसच्या बेल एअर या धनिकांच्या वस्तीत भाड्याने घेतलेल्या त्याच्या प्रशस्त वाड्यात १९९७ च्या छाप्यात चार हजारांवर रोपे सापडली होती. गांजाच्या औषधी लागवडीवर पुस्तक लिहिण्यासाठी मॅकविल्यम्सने त्यास आगाऊ रक्कम दिली होती, ती खरे म्हणजे लागवडीचे भांडवल होते, असा सरकारचा आरोप होता. चार हजार रोपे एका रोग्याच्या गरजेपुरती आहेत असे कोणी म्हणणार नाही, आणि एवढ्या रोपांना कायद्यात किमान दहा वर्षांची कैद ठरलेली होती. व्यापार होता की संशोधन होते, हा ज्यूरीने ठरवावयाचा प्रश्न होता; पण तो ठरविण्यासाठी आरोपींच्या हेतूची जी माहिती हवी तीच ज्यूरीपुढे आणू द्यायची नाही असे ठरल्यावर ठरविण्यासारखे उरले काय? रोपे होती की नव्हती, एवढेच. मॅकविल्यम्सने कमी गंभीर आरोपाची कबुली दिली.

त्याचा जामीन हा या प्रकरणाचा सर्वांत दुःखद भाग आहे. अडीच लाख डॉलरांच्या जामिनासाठी त्याच्या वृद्ध आईने आपले राहते घर तारण दिले होते, आणि जामिनाची एक शर्त अशी होती की गांजाला शिवायचे नाही. शर्त पाळली जाते की नाही हे पाहण्यासाठी लघवीची तपासणी होई. शर्त मोडली तर घर जाण्याचे भय. त्याने ती पाळली. मळमळ थोपेना, एड्सची औषधे पोटात ठरेनात, आणि रक्तातील विषाणूंचे प्रमाण, जे औषधांनी नगण्य झाले होते, ते झपाट्याने वाढत गेले. शिक्षा सुनावली जाण्यापूर्वीच, १४ जून २००० रोजी, वयाच्या पन्नासाव्या वर्षी, आपल्या घराच्या न्हाणीघरात तो मृतावस्थेत आढळला; वांतीने गुदमरून तो गेला असे तेव्हा सांगितले गेले. गांजा मिळाला असता तर तो जगलाच असता असे छातीठोकपणे म्हणता येणार नाही, कारण ज्याला हे दोन्ही रोग जडले आहेत त्याच्या आयुष्याची हमी कोण देणार? परंतु ज्या उपायाने आपल्याला औषध पचते असा त्याचा अनुभव होता तो त्याच्यापासून न्यायालयाच्या शर्तीनेच काढून घेतला होता, आणि ती शर्त घातली गेली तेव्हा त्याचा गुन्हा सिद्धही झालेला नव्हता.

पुढच्याच वर्षी सर्वोच्च न्यायालयाने या मौनावर शिक्कामोर्तब केले. ओकलंड शहरात रोग्यांना गांजा पुरविणारी एक सहकारी संस्था होती. अपरिहार्यतेचा जो उजर रँडलच्या वेळी मान्य झाला तो तिने पुढे केला. १४ मे २००१ रोजी न्यायमूर्ती क्लॅरेन्स थॉमस यांनी निकाल लिहिला की, काँग्रेसने पहिल्या अनुसूचीत घालून वैद्यकीय उपयोगाचा प्रश्न स्वतःच निकालात काढलेला आहे, तेव्हा न्यायालयाला तो पुन्हा उकरून तोलण्याचा अधिकार नाही. विधिशास्त्राच्या दृष्टीने या निकालात मला दोष काढता येत नाही. दोष त्या अनुसूचीत आहे.

हे सारे ज्यूरीच्या बाकावर बसणाऱ्या सामान्य नागरिकांच्या वाट्याला कसे येते ते एड रोझेंथल याच्या खटल्यात दिसून आले. आपल्याकडे १९५९ च्या नानावटी खटल्यातील मुंबईच्या ज्यूरीचा निर्णय इतका गाजला की त्यानंतर ती पद्धत यथाकाल मावळली. अमेरिकेत मात्र बारा नागरिकांचा कौल अजून पवित्र मानला जातो. रोझेंथल रोगी नव्हता, तो ओकलंड शहराच्या अधिकृत योजनेखाली रोग्यांसाठी रोपे तयार करून देई. २००३ च्या जानेवारीत सॅन फ्रान्सिस्कोत ज्यूरीने त्याला दोषी ठरविले, आणि घरी गेल्यावर वर्तमानपत्रांतून त्यांना समजले की तो नगरपालिकेच्या संमतीने हे काम करीत होता व रोपे रोग्यांकडे जात होती. त्यांपैकी काहींनी पत्रकारांसमोर येऊन रोझेंथलची जाहीर क्षमा मागितली. न्यायाधीश चार्ल्स ब्रेयर यांनी किमान शिक्षेचा नियम बाजूस ठेवून त्याला एका दिवसाची कैद दिली, जी तो पूर्वीच भोगून चुकला होता. आपल्या गावचे सत्य आपल्यालाच न सांगता आपल्याकडून निर्णय वदवून घेतला, ही त्या ज्युरींची तक्रार कोणत्याही लोकशाहीत गंभीर ठरावी. अशा खटल्यांत राज्याच्या कायद्याचे पालन झाल्याचा पुरावा सादर करू द्यावा असे एक विधेयक काँग्रेसमध्ये त्याच वर्षी आले, पुन्हा पुन्हा आले, आणि एकदाही संमत झाले नाही.

त्याआधी, ५ सप्टेंबर २००२ रोजी पहाटे, सांता क्रूझ परगण्यातील एका रुग्णसंस्थेच्या मळ्यावर सशस्त्र संघीय अंमलदारांनी छापा घातला होता. मोटार अपघातानंतर अपस्माराचे झटके येऊ लागलेल्या व्हॅलरी कॉरल यांनी ही संस्था स्थापन केली होती. तिचे बहुसंख्य सभासद मरणासन्न होते आणि त्यांना गांजा विनामूल्य मिळे. अंमलदारांनी रोपे उपटून नेली. दोनच आठवड्यांनी संस्थेने नगरभवनाच्या पायऱ्यांवर, नगराधिकाऱ्यांच्या उपस्थितीत, आपल्या रोग्यांना उघडपणे गांजा वाटला.

त्याच वर्षीच्या ऑगस्टात ब्यूट परगण्यातील डायान मॉन्सन यांच्या दारात घडलेला प्रसंग मात्र थेट सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला. कण्याच्या विकाराने पीडित असलेल्या या बाईंच्या अंगणात सहा रोपे होती. परगण्याचे पोलीस पाहणी करून म्हणाले, हे कायदेशीर आहे. संघीय अंमलदार म्हणाले, हे जप्तीस पात्र आहे. तीन तास दोन्ही सरकारांचे नोकर एकमेकांशी हुज्जत घालीत राहिले आणि शेवटी रोपे नष्ट झाली. मेंदूतील गाठीसह अनेक व्याधी असलेल्या एंजल राइच यांच्यासह मॉन्सन बाईंनी दावा लावला की, विकण्यासाठी नव्हे, राज्याबाहेर नेण्यासाठी नव्हे, स्वतःच्या घरी स्वतःसाठी लावलेल्या रोपावर आंतरराज्य व्यापाराचे नियमन करणाऱ्या काँग्रेसची सत्ता चालत नाही. ६ जून २००५ रोजी न्यायालयाने सहा विरुद्ध तीन मतांनी उलट निर्णय दिला, आणि त्याला नजीर घेतली ती १९४२ च्या ओहायोतील एका शेतकऱ्याची, ज्याने ठरवून दिलेल्या क्षेत्रापेक्षा अधिक गहू स्वतःच्या जनावरांसाठी पेरला म्हणून त्याला दंड झाला होता. लेव्हीच्या दिवसांत घरच्या कणगीतील ज्वारीवरही सरकारचा डोळा असे, हे ज्यांनी वडीलधाऱ्यांकडून ऐकले आहे त्यांना हा तर्क परका वाटणार नाही: तुम्ही बाजारातून घेतले नाही, म्हणजेच तुम्ही बाजारावर परिणाम केला. निकालपत्र लिहिणाऱ्या न्यायमूर्ती स्टीव्हन्स यांनी या दोन रोगी स्त्रियांची कैफियत बलवत्तर आहे हे मान्य केले. विरोधी मत देणाऱ्या सँड्रा डे ओकॉनर यांनी, आपण मतदार असतो तर १९९६ च्या ठरावाला मत दिले नसते असे सांगूनही, राज्याला असा प्रयोग करण्याची मोकळीक हवी असे लिहिले. मला या विरोधी मताचे मोल अधिक वाटते, कारण ते गांजाच्या कैवारातून आलेले नाही.

एका प्रकरणात मात्र व्याधी लपविण्याचा प्रश्नच नव्हता. २००४ च्या सप्टेंबरात वॉशिंग्टनच्या न्यायालयात सत्तावीस वर्षांचा एक तरुण चाकांच्या खुर्चीतून आला. चार वर्षांचा असताना एका मद्यपी चालकाच्या गाडीने उडविल्यामुळे मानेखालचे त्याचे सर्व शरीर लुळे पडले होते आणि रात्री त्याला श्वसनयंत्राची गरज लागे. अटकेच्या वेळी गाडीत पिस्तूलही सापडले होते, हे नमूद केले पाहिजे. शिक्षा झाली ती गांजा बाळगल्याची, दहा दिवसांची. गांजाने आपल्याला बरे वाटते असे तो म्हणाला होता. कारागृहात श्वसनयंत्राची सोय नव्हती, आणि पाच दिवसांच्या आतच तो मरण पावला. वॉशिंग्टनच्या नागरिकांनी औषधी गांजाला १९९८ मध्येच बहुमताने संमती दिली होती, परंतु राजधानीच्या कारभारावर काँग्रेसचा अंमल असल्यामुळे ती संमती अकरा वर्षे अंमलात येऊ शकली नाही.

गांजा हे सर्वरोगहारक अमृत आहे असा या लेखाचा पक्ष नाही. अमेरिकेच्या वैद्यकीय संस्थेने १९९९ मध्ये जो सविस्तर अहवाल दिला त्याचा सूर मला अजून समतोल वाटतो: मळमळ, अरुची व वेदना यांवर त्यातील द्रव्यांचा उपयोग संभवतो, धूर ओढणे मात्र फुफ्फुसांस अपायकारक, आणि भवितव्य असेल तर ते शुद्ध केलेल्या औषधांत. अपस्माराच्या काही कठीण प्रकारांवर गांजापासून काढलेले औषध २०१८ मध्ये तेथे मान्य झाले ते याच वाटेने. कॅलिफोर्नियात वैद्याची शिफारस अनेक ठिकाणी निव्वळ औपचारिकता होऊन बसली आणि रोग्याच्या आडून निरोगी गिऱ्हाइकांचा व्यापार फोफावला, हेही खरे. पण खोटा रोगी ओळखण्याचे साधन पुरावा हेच असते. आणि पुरावाच बंद केला म्हणजे खोटा व खरा एकाच पंक्तीला बसतात.

आपल्याकडची स्थिती निराळी आहे. १८९३-९४ च्या हेम्प ड्रग्ज कमिशनने सुमारे बाराशे साक्षी नोंदवून, सात खंडांचा अहवाल देऊन, सरसकट बंदी अनावश्यक ठरविली होती. १९८५ च्या कायद्याने गांजा व चरस यांवर बंदी घातली तेव्हा भांगेच्या पानांना व्याख्येतून वगळले, आणि विजया या नावाने त्यांचा आयुर्वेदीय औषधांत परवान्याने वापर चालतो. गांजाच्या बाबतीत मात्र रोगी आणि व्यसनी असा भेद आपलाही कायदा आरोपीला फारसा करू देत नाही. एक किलोपर्यंतचे अल्प प्रमाण असल्यास शिक्षा सौम्य, एवढीच सवलत.

अमेरिकेत शेवटी जो पालट झाला तो न्यायालयाच्या वा अनुसूचीच्या वाटेने न येता खजिन्याच्या वाटेने आला. डिसेंबर २०१४ च्या अंदाजपत्रकात रोहराबॅकर आणि फार या परस्परविरोधी पक्षांच्या दोन सभासदांनी सुचविलेले कलम घालण्यात आले की, औषधी गांजासंबंधी राज्यांनी केलेल्या कायद्यांच्या अंमलबजावणीत अडथळा आणण्यासाठी न्यायखात्याने पैसा खर्च करू नये. दरम्यान वॉशिंग्टन राज्यातील केटल फॉल्स गावच्या एका कुटुंबावर घरामागच्या सत्तरएक रोपांबद्दल खटला चालूच होता. त्यातील सत्तरी ओलांडलेल्या कुटुंबप्रमुखास स्वादुपिंडाचा कर्करोग झाल्यावर २०१५ च्या फेब्रुवारीत त्याच्यापुरते आरोप मागे घेतले गेले, आणि ऑगस्टात तो वारला. ऑगस्ट २०१६ मध्ये पश्चिमेकडील अपील न्यायालयाने त्या कलमाचा अर्थ रोग्यांच्या बाजूने लावला: राज्याचा कायदा काटेकोर पाळणाऱ्यावर त्या पैशातून खटला चालविता येणार नाही, आणि तो पाळला की नाही याची चौकशी न्यायालयाने करावी. म्हणजे वीस वर्षे जो पुरावा अप्रस्तुत होता तो आता, निराळ्या दाराने का होईना, दाखल होऊ लागला. गांजाला तिसऱ्या अनुसूचीत उतरविण्याचा प्रस्तावही न्यायखात्याने मे २०२४ मध्ये मांडला.

मात्र २०१६ च्या त्याच निकालपत्रात अपील न्यायालयाने रोग्यांना एक गोष्ट बजावून ठेवली आहे. कलमाने पैसा अडविला आहे, गुन्हा पुसलेला नाही. संघीय कायद्यात अशा गुन्ह्याबद्दल फिर्याद करण्याची मुदत पाच वर्षांची आहे, अंदाजपत्रक मात्र एकाच वर्षाचे. आणि काँग्रेसने पुढल्या वर्षी ते कलम गाळले तर कलम चालू असताना ज्यांनी रोपे लावली त्यांच्यावरही सरकार फिर्याद दाखल करू शकेल.